जर्मन राम, मुक्काम केनवड

आमच्या कृषी केंद्रात युरिया घ्यायला आलेला माणूस आधी युरिया मागत नाही. तो काउंटरवरच्या काचेच्या टाकीपाशी जातो, काचेला नाक टेकवतो आणि विचारतो, "भाऊ, हा कोन्ता?"

"जर्मन ब्लू रॅम."

"जर्मनीहून आनला?"

"नाही, अकोल्याहून."

"मंग जर्मन कायचा?"

इथे मी चष्मा काढून पुसतो. पुढचं उत्तर लांब आहे आणि मागे डीएपीवाले ताटकळलेले असतात. तरी सांगावं लागतं, कारण न सांगितल्यास हा माणूस बाहेर टपरीवर जाऊन स्वतःचं उत्तर तयार करतो. तर हा मासा जर्मनीचा नाही आणि अकोल्याचाही नाही. त्याचं मूळ गाव दक्षिण अमेरिकेत, व्हेनेझुएला आणि कोलंबियात, ओरिनोको नदीच्या खोऱ्यातल्या गवताळ माळरानावर. तिथे मासे धरून ते परदेशी पाठवणारा मॅन्युएल रामिरेझ नावाचा एक माणूस होता. १९४८ साली मायर्स आणि हॅरी या दोन अमेरिकन अभ्यासकांनी या माशाला त्याचं नाव दिलं, रामिरेझी. बाजाराला एवढं लांब नाव उच्चारायला वेळ कुठला! त्याने शेपूट छाटून 'रॅम' केलं. पुढे जर्मनीतल्या शौकिनांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून त्याचा रंग चढवला, म्हणून तो 'जर्मन'. निळ्या ठिपक्यांचा, म्हणून 'ब्लू'. आज बाजारात येणारे बहुतेक रॅम आग्नेय आशियातल्या मत्स्यशाळांत जन्मतात. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी जर्मनी पाहिलेली नसते, पण आडनाव जर्मनच.

माणूस सगळं शांतपणे ऐकतो. मान डोलावतो. मग मागे वळून सगळ्या रांगेला निकाल सांगतो, "अरे, राम आपलाच हाय. फक्त जर्मनीले शिकाले गेल्ता."

तेव्हापासून केनवडात त्याचं नाव जर्मन राम. दोन इंचांचा जीव, पण रिसोड तालुक्यात त्याच्याइतका परदेश गाजवलेला दुसरा कुणी नाही.

हे लचांड माझ्या गळ्यात घातलं ते पुण्याला शिकणाऱ्या भाच्याने. सुट्टीत आला, दुकानात बसला आणि म्हणाला, "मामा, इथं काहीच व्हायब्रंट नाही." समोर कीटकनाशकाच्या डब्यांवर लाल कवट्या होत्या, त्या त्याला व्हायब्रंट वाटल्या नाहीत. त्यात एका वास्तुवाल्याने ईशान्येला पाणी ठेवा म्हणून सांगितलेलं. ईशान्येला तेव्हा झिंक सल्फेट होतं. ते उचललं आणि टाकी बसवली.

मासे घ्यायला अकोल्याला एका दुकानात गेलो. मालकाने एका दमात यादी म्हटली, "जर्मन ब्लू, इलेक्ट्रिक ब्लू, गोल्ड, बलून, लाँगफिन, डार्क नाइट, बोलिव्हियन. कोणता दाखवू?"

मी गार झालो. यादी लांब होती म्हणून नव्हे. जून महिन्यात शेतकरी दुकानात शिरला की मी स्वतः याच सुरात, याच वेगाने म्हणतो, "तीनशे पस्तीस, त्र्याण्णव-शून्य-पाच, पंच्याण्णव-साठ, फुले संगम, फुले किमया. कोणतं देऊ?" म्हणजे इतकी वर्षं समोरच्या माणसाच्या पोटात काय होत असेल ते त्या दिवशी कळलं. सोयाबीनचं एक बरं असतं. जेएस ३३५ हे वाण जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं, १९९४ पासून ते आकड्यानेच ओळखलं जातं. आकड्याला रंग नसतो, शेपूट नसते. केडीएस ७२६ नुसता आकडा होता तोवर लोक शांत होते. त्याला 'फुले संगम' म्हटलं आणि गिऱ्हाईक दारात उभं राहायला लागलं. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि त्यावर घर बांधलेलं आहे.

तरी मी शेतकऱ्याच्याच थाटात विचारलं, "यातला खात्रीचा कोणता?"

"सर, सगळे खात्रीचेच."

हे वाक्य तर माझंच होतं! शब्दन्‌शब्द माझं. पुढचंही मला पाठ होतं, तरी त्याच्या तोंडून ऐकलं. "पण इलेक्ट्रिक ब्लूला डिमांड जास्त आहे."

इलेक्ट्रिक ब्लू म्हणजे २००९ च्या आसपास बाजारात आलेला निळाशार रॅम. अंगावर ना पट्टा, ना काळा डाग, नुसता निळा. गोल्ड म्हणजे काळा रंगच हरवलेला पिवळाधमक. बलून म्हणजे कणा आखूड झाल्यामुळे चेंडू झालेला. व्यंग आहे, पण नाव वाढदिवसाचं. डार्क नाइट म्हणजे काळा. बोलिव्हियन मात्र वेगळाच, जात दुसरी, देश दुसरा, चुलतभाऊ म्हणून आडनाव लावतो. मी जर्मनची जोडी घेतली. तिला साध्या रॅमच्या दीडपट पैसे पडले. साधा आणि जर्मन शेजारशेजारच्या टाक्यांत होते. भाच्याला म्हटलं, "फरक काय?" तो म्हणाला, "मामा, लेबल वाचा."

बिलावर मात्र मालकाने लिहिलं, 'मासे, २ नग'.

दुकानात आणले तेव्हा रंग असा की अख्खं गाव येऊन गेलं. सरपंच येऊन गेले. ग्रामसेवक हजेरीचा दिवस नसूनही येऊन गेले. काही आठवड्यांत जर्मनांचा रंग उतरायला लागला. आधी निळे ठिपके गेले, मग डोक्यावरचा पिवळा गेला, शेवटी राखाडी रंगाचे दोन मासे उरले आणि त्यांना जर्मन म्हणताना माझीच जीभ अडखळायला लागली.

बायको म्हणाली, "अहो, रंग गेला तर परत देऊन या नं. बिल हाये नं तुमच्याजवळ?"

मी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "सर, मासा स्ट्रेसमध्ये आहे."

"कशाचा स्ट्रेस? मी त्याला उधारी मागितलेली नाही."

"नवी जागा आहे सर. सवय होईल."

खरी गोष्ट भाच्याने सांगितली. काही मत्स्यशाळांत पिलांना हॉर्मोन चारतात. त्याने पोरवयातच लग्नातला रंग चढतो, माल दिसायला तयार होतो आणि खुराक बंद झाला की उतरतो. मी गप्प बसलो. माझ्या मागच्या फळीवर हिरवंगार करणारं टॉनिक होतं, आठ दिवसांत पान काळंभोर दिसतं असं मी ज्याच्याबद्दल रोज सांगतो ते. नवव्या दिवसाबद्दल मला कधी कुणी विचारलं नाही.

थंडीत एके रात्री वीज गेली, हीटर बंद पडला आणि जर्मन रामाने राम म्हटला. सकाळी हमालाने बातमी फोडली. दुपारपर्यंत चार जण भेटायला आले. एकाने बसून विचारलं, "वय काय होतं?"

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी पुन्हा अकोल्याला गेलो.

या वेळी भाच्याने आधी पाणी तपासायला लावलं. आमच्या बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं. त्यात चहाचं पातेलं पांढरं होतं, गिझर पांढरा होतो, मग माणसाच्या आत काय होत असेल ते आम्ही बघत नाही. रॅमला पाणी लागतं हलकं आणि किंचित आंबट. तेव्हा त्याच्यासाठी आरओचे जार सुरू झाले. पहिला जार टाकीत रिकामा होताना आमचे आबा खुर्चीवरून बघत होते. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, सगळं आयुष्य बोअर आणि विहिरीवर गेलेलं.

"हे पानी कोनाले?"

"माशांना, आबा."

"माह्यासाठी आनला होता का कधी जार?"

दुसऱ्या दिवसापासून जार दोन येतात. एक माशांचा, एक आबांचा. आबा पहिला घोट घेऊन म्हणाले, "चव नाही," आणि परत बोअरवर गेले. त्यांचा जारही माशांनाच जातो.

मग पान आलं. पाण्याला आंबटपणा यावा, बुरशी होऊ नये म्हणून टाकीत 'कॅटाप्पा लीफ' टाकतात. भाच्याने कुरिअरने मागवलं. काळ्या चकचकीत पाकिटात दहा वाळकी पानं, वर 'ए प्लस ग्रेड' असं छापलेलं, खाली जंगलातल्या धबधब्याचं चित्र. पाकीट फोडलं तेव्हा दुकान झाडायला येणारी मावशी शेजारी उभी होती. तिने पान हातात घेतलं, उलटं केलं, वास घेतला.

"भाऊ, हे त शाळेतल्या बदामाचं हाय."

होतं. देशी बदाम. त्याचंच शास्त्रीय नाव टर्मिनालिया कॅटाप्पा. शाळेच्या आवारात त्याचं भलंमोठं झाड आहे, आणि मावशी शाळाही झाडते. तीच पानं ती रोज सकाळी गोळा करून पेटवत होती. तिने पाकिटावरची किंमत मला वाचायला लावली. मी वाचली. ती काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून शाळेतली पानं पेटवणं बंद झालं. ती आता पोत्यात भरून घरी नेते. भाव आल्यावर काढणार म्हणते.

मधल्या काळात भाच्याने आणखी छोटे मासे आणले, एपिस्टोग्रामा. यांचं नाव घेऊन होईपर्यंत गिऱ्हाईक मालेगावला पोचतं. यातल्या एका जातीचं नाव अगासिझी, लुई अगासिझ या शास्त्रज्ञावरून. दुसरी ककाटुओइडिस, म्हणजे काकाकुवा, पाठीवरच्या तुऱ्यामुळे. बाजाराने या काकाकुव्याचं 'डबल रेड' आणि 'ट्रिपल रेड' केलं. हिशेब सोपा आहे. दोन पंखांवर लाल रंग असेल तर डबल. पाठ, शेपूट आणि पोटाखालचा असे तिन्ही लाल असले तर ट्रिपल. आम्ही ट्रिपल घेतला. डबलवर आपला माणूस थांबतच नाही. माझ्याकडे 'डबल पॉवर' नावाची फवारणी फळीवर धूळ खाते, कारण शेजारी 'ट्रिपल' उभी आहे.

नराच्या मानाने मादी अर्धीच. रंग साधा, पिवळट. ती फुकटच दिल्यासारखी पिशवीत टाकतात. तिने टाकीतल्या फुटक्या माठाच्या खापरीत अंडी घातली आणि दुसऱ्या दिवसापासून पिवळीजर्द होऊन त्या तीन लालवाल्याला असं काही पिटाळलं की तो हीटरच्या मागे उभाच राहिला. बायको रोज टाकीजवळ येऊन थोडा वेळ थांबायला लागली. इतके दिवस तिला माशांत काही रस नव्हता.

या माशांचं आणखी एक गुपित आहे. पोरगा होणार की पोरगी हे पाण्याच्या तापमानावरही ठरतं. रोमर आणि बाइझेनहर्त्झ या जर्मनांनी १९९६ साली हे दाखवून दिलं. हे जर्मन खरे. पाणी गरम तर नर जास्त. हे मी दुकानात सांगितलं आणि पस्तावलो. एक म्हातारा लगेच म्हणाला, "मंग वाशिमात पोरीच होऊ नये. एवढं ऊन." आमच्या एप्रिलमधल्या अंड्यांतून जवळजवळ सगळे नर निघाले. एवढे ट्रिपल रेड बिनलग्नाचे एका टाकीत ठेवणं म्हणजे काय ते ज्याला गावचं गणेश मंडळ चालवायचा अनुभव आहे त्यालाच कळेल.

नावांच्या बाबतीत शास्त्रज्ञही काही कमी नाहीत. आमच्या जर्मन रामाची वंशावळ १९४८ ला एपिस्टोग्रामात लागली होती, १९७७ साली त्याला फुलपाखरी नावाच्या पॅपिलिओक्रोमिसमध्ये नेलं, शेवटी तो मिक्रोजिओफॅगस झाला, आणि त्यातही स्पेलिंग 'सी'ने की 'के'ने यावर विद्वान भांडले. आमच्या सातबारावर एक फेरफार व्हायला बापाचा मुलगा म्हातारा होतो, या दोन इंचांचे एवढे फेरफार झाले आणि त्याला तलाठ्याकडे एकदाही जावं लागलं नाही. बाजार मात्र ठाम. जगभर 'क्रिबेन्सिस' म्हणून विकला जाणारा मासा खरा क्रिबेन्सिस नाहीच. ते नाव कॅमेरूनच्या क्रिबी गावावरून पडलं, आणि ते ज्या माशाचं आहे तो वेगळा. हा नायजेरियाकडचा पुल्चर. कित्येक दशकं सगळ्यांना माहीत आहे. तरी लेबल बदलत नाही, कारण मासा बदलता येतो, छापलेलं लेबल वाया जातं.

एकदा एका औषध कंपनीचा प्रतिनिधी आला. त्याची सासुरवाडी गोव्याची. टाकीसमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "हे तर आमच्या काळुंदराचे पुतणे."

बरोबर होतं. काळुंदर आणि हे रॅम, दोघेही सिक्लिड घराण्यातले. भारतात या घराण्याचे मूळचे तीनच मासे. त्यातला काळुंदर मोठा. ब्लॉख या शास्त्रज्ञाने १७९० साली त्याला सुरतेचं नाव देऊन ठेवलं, आणि तो ओळखला जातो केरळात करिमीन म्हणून. धाकटा, ऑरेंज क्रोमाइड, हाताच्या बोटाएवढा. ओढ्यात असतो तेव्हा हिरवट-पिवळा, ठिपक्याठिपक्यांचा. दुकानात येतो तो सोनेरी वाण, निवडून काढलेला. म्हणजे आपल्या माशालाही बाजाराने 'गोल्ड' केलेलंच आहे. मी विचारलं, "काळुंदराचा रंग कोणता चांगला?"

तो म्हणाला, "रव्यात घोळवून तांबूस होतो तो."

टाकीतले सगळे मासे त्या वेळी मागच्या कोपऱ्यात होते. योगायोग असेल.

रंगाला भाव येतो हे आमच्या भागाला काही नवीन नाही. २०२० च्या जूनमध्ये शेजारचं लोणारचं तळं गुलाबी झालं होतं. वर्षानुवर्षं हिरवं होतं तेव्हा गाडी थांबवून बघायला कुणी तयार नव्हतं. गुलाबी झाल्याबरोबर टाळेबंदीतसुद्धा लोकांना तिकडे महत्त्वाची कामं निघाली. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी खारात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचं कारण सांगितलं, पाणी पुन्हा आपल्या रंगावर गेलं. अकोल्याचा माझा दुकानदार असता तर त्याने पिशव्या भरून 'सुपर पिंक लोणार' विकलं असतं आणि रंग उतरल्यावर तळं स्ट्रेसमध्ये आहे म्हणून सांगितलं असतं.

यंदा मात्र जर्मन रामाला पिलं झाली. आधीची अंडी पांढरी पडली होती, त्यानंतरची आई-बापांनीच खाल्ली होती, पण शाळेतलं पान आणि आबांचा जार यांचा गुण आला. फक्त एक गोंधळ झाला. दुसऱ्या खेपेला जर्मनबरोबर गोल्डचीही जोडी आणली होती. निळ्या नराबरोबर गोल्डची मादी ठेवली, कारण गोल्डचा नर मधेच गेला आणि निळ्याची मादी त्याच्या आधी. पिलं मोठी झाली ती ना निळी, ना सोनेरी. राखाडी, काळा पट्टा, काळा डाग, ओरिनोकोत असतात तशी. एवढ्या पिढ्यांची जर्मन निवड एका फटक्यात धुऊन निघाली. संकरित कपाशीची घरची सरकी पेरल्यावर जे होतं, ते मी शेतकऱ्यांना दर वर्षी समजावून सांगतो. स्वतःच्या टाकीत मात्र ध्यानात आलं नाही.

"ही कोण घेणार?" मी भाच्याला म्हटलं.

"मामा, हेच तर हवं असतं आता. याला 'वाइल्ड टाइप' म्हणतात. साध्यापेक्षा महाग."

"हाच तर साधा आहे!"

"साधा म्हणून विकला तर साधा."

भाच्याने फोटो काढले. खालून दिवा, मागे काळा कागद. राखाडी पिलं त्यात एकदम अभ्यासू दिसायला लागली. पिशव्या भरल्या, आणि 'कुठला' या रकान्यात काय लिहायचं म्हणून अडला. मी सवयीने म्हटलं, "गाव लिही." त्याने लिहिलं, 'केनवड वाइल्ड'. अकोल्याच्या मालकाने लेबल वाचलं, मासे बघितलेच नाहीत, आणि सगळी खेप ठेवून घेतली. पैसे रोख दिले. बिल मागितलं तर मी लिहून दिलं, 'मासे, ४० नग'.

परवा त्याचा फोन आला. "सर, माल संपला. आणखी पाठवा. गिऱ्हाईक विचारतात, हे केनवड व्हेनेझुएलात येतं की कोलंबियात?"

मी म्हटलं, "रिसोड तालुक्यात."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो हळूच म्हणाला, "सर, तालुका नका सांगू कुणाला. भाव पडेल."